शिक्क्याकडे वाकलेली पाती

वन्संनी कपाटातून अकरा वाकडी पाती काढून बाकावर ओळीने मांडली, तेव्हाच धाकटीने ओळखलं की आज आपल्यावर खटला उभा राहणार. वन्सं म्हणजे तिची नणंद. त्या काही वकील नव्हत्या. पुढचं दुकान सांभाळायच्या, गिऱ्हाइकं सांभाळायच्या आणि घरात कोणाचं कधी काय चुकलं ते तारखेसकट लक्षात ठेवायच्या. पण वादात त्या हरल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळं घर त्यांना त्यांच्या मागे 'वकीलसाहेब' म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

सुट्टीची सकाळ होती. कारखान्यातला पाती घासायचा पट्टा बंद होता, भट्टी मात्र धाकटीने पहाटेपासून पेटवून ठेवली होती. त्यावरूनच थोरल्या जावेचं तोंड वाकडं झालं होतं.

"सुट्टीच्या दिवशी भट्टी कशाला?" थोरली आत येता येता म्हणाली. खिडकीजवळून जाताना तिची बाही नेहमीप्रमाणे त्या ठोकळ्याच्या खिळ्यात अडकली. खिडकी उघडी राहावी म्हणून तिथे एक जुना लाकडी ठोकळा टेकवलेला असायचा. त्याच्या अंगातून कधीकाळी कोणीतरी मारलेला एक खिळा टोक काढून बाहेर आला होता, आणि घरातल्या प्रत्येकाची बाही आयुष्यात एकदा तरी त्याने फाडली होती. "हा मेला खिळा कोणी काढत का नाही," थोरली पुटपुटली.

"राहू दे," खिडकीपाशी खुर्चीत बसलेले बाबा म्हणाले. सासरे गेली पाच वर्षं एवढंच बोलायचे. राहू दे, असू दे, बघू. हात थरथर कापायला लागल्यापासून त्यांनी सगळ्यातून अंग काढून घेतलं होतं.

"तर मुद्द्यावर येते," वन्सं म्हणाल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही बघा. अठरा पात्यांना पाणी दिलं. अकरा वाकली. दोन सरळ करताना तुटली. पाच धड निघाली. स्वयंपाक शिकवणाऱ्या त्या शाळेला शुक्रवारी चाळीस सुऱ्या द्यायच्या आहेत."

पाणी देणं म्हणजे खरं तर तेलात बुडवणं. पातं भट्टीत लाल करायचं आणि तेलात उतरवायचं, की पोलाद कडक होतं. घराण्यात पूर्वी पाण्यातच बुडवायचे. तेल आलं तरी शब्द तोच राहिला. सुऱ्या होत्या मासे कापायच्या, वीत-दीड वीत लांब, अंगठ्याएवढ्या रुंद आणि भलत्याच पातळ. इतक्या पातळ सुऱ्यांचं काम या कारखान्यात प्रथमच आलं होतं. आजवर इथून गेले ते कसायांचे जाडजूड सुरे, भाज्यांच्या रुंद सुऱ्या.

"तोडगा सोपा आहे," वन्सं पुढे म्हणाल्या. "हमरस्त्यावरच्या मोठ्या कारखान्यात मी बोलून आले. त्यांच्या भट्टीत एका वेळी दोनशे पाती बसतात. उरलेली बावीस त्यांना देऊ. आणि ती नीट आली तर यापुढे पाणी देण्याचं काम तिकडेच."

"आणि ही भट्टी?" धाकटीने विचारलं.

"ही बंद. तू दुकानात ये माझ्याबरोबर. मलाही कोणीतरी हवंच आहे."

वन्संनी हे मनापासून म्हटलं, हे धाकटीला कळलं. दुकानात काय करायचं? सुऱ्या पुसायच्या, कागदात गुंडाळायच्या, हसायचं. ती बेकरीवाल्यांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा 'आता सुऱ्याबरोबर पावही मिळेल' म्हणून सगळ्यांनी थट्टा केली होती. पाच वर्षांपूर्वी बाबांचे हात कापायला लागले, तेव्हा त्यांनी सगळ्यांना भट्टीपुढे उभं करून आतल्या पात्याचा रंग विचारला होता. बाकीचे 'लाल' म्हणाले. ती एकटी म्हणाली, "अजून नाही झालं. कडेला पिकलं बोर आहे, मध्ये कच्चं आहे." बाबांनी तिथल्या तिथे सांडशी तिच्या हातात दिली होती. त्या दिवसापासून ती या घरातली झाली, असं ती मनाशी धरून होती. भट्टी गेली तर ती पुन्हा बेकरीवाल्यांची मुलगी होणार होती.

"मी आधीपासून सांगतेय," थोरली म्हणाली. "पाती घासून येतात तेव्हा सरळ असतात. हिच्या हातात गेली की वाकतात. वर ही म्हणणार, पातळ आहेत म्हणून. नाचता येईना, अंगण वाकडं."

"जाऊबाई, मी अजून काहीच म्हटलेलं नाही."

"म्हणशील ना."

थोरले दीर भिंतीला टेकून उभे होते. पात्यांची घासणी त्यांची. पट्ट्यावर धरून पात्याला दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा, तो त्यांनीच. तीस वर्षं. दुकानावर बाबांनी तरुणपणी रंगवून घेतलेली पाटी होती: 'रेघ नाही, माप नाही, फक्त डोळा.' त्या पाटीतला डोळा आता थोरल्यांचा होता. मापाचं एकही अवजार त्यांनी कधी कारखान्यात येऊ दिलं नव्हतं. एकदा वन्संनी जाडी मोजायचा काटा विकत आणला, तर त्यांनी तो परत करायला लावला होता.

"माझं भांडण नाही कोणाशी," थोरले म्हणाले. "पण काम माझ्या नावावर जातं. वाकडी सुरी या घरातून कधी गेलेली नाही."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो मुठी बसवायचा, आणि घरात सगळे त्याला मूठवालाच म्हणायचे. तो एका लाकडाच्या तुकड्याला कानस मारत बसला होता, जणू आजची बैठक त्या तुकड्यासाठीच भरली होती.

"तुम्ही काही बोलाल?" तिने विचारलं.

"मी काय बोलू? पातं वाकडं असेल तर मी मूठ वाकडी करून देतो. जोडी जमेल."

कोणी हसलं नाही. धाकटीला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. पण तेवढ्यात त्याने डोळे उचलून तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. काल संध्याकाळी तिने मागितलं होतं ते त्याने करून ठेवलं होतं, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. तेवढं पुरे होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "बावीस पाती तुम्ही द्या हमरस्त्यावर. माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याआधी मला तासभर द्या. त्यांतली कुठलीही तीन तुम्ही तुमच्या हाताने निवडा. चौथं मी घेते. चारही तुमच्यासमोर तेलात घालते. मग काय तो निकाल द्या."

वन्संना निकाल हा शब्द आवडला. त्यांनी बावीसांतून तीन निवडली, दोनदा बदलली आणि पुढे केली.

धाकटीने हातमोजे चढवले. बोलायला लागली ती भट्टीकडे तोंड करूनच. भट्टीपुढे तिचा आवाज कधी चाचरत नसे.

"ही बावीसही मी काल तीन-तीनदा तापवून हवेत निववली आहेत. घण खाल्लेलं पोलाद आतून रुसलेलं असतं. तीनदा तापवून नुसतं निवू दिलं की रुसवा जातो. तो तसाच ठेवून पाणी दिलं, तर पातं तेलात गेल्यावर सूड काढतं. तर ते केलंय, हे लक्षात ठेवा. आता तेल बघा." तिने लोखंडाचा एक तापलेला तुकडा तेलात सोडला. "थंडगार तेलात पातं दचकतं. कोमट लागतं, बोट घालून चटका बसेल न बसेल इतकं. वन्सं, बोट घाला."

"मी कशाला घालू?"

"साक्षीदार तुम्हीच ना?"

वन्संनी बोट घातलं, झटकन काढलं आणि "कोमट" म्हणाल्या.

पहिलं पातं आत गेलं. धाकटी ते मागेपुढे करत राहिली, एका जागी क्षणभरही ठेवलं नाही. पातळ टोक आधी तापतं, म्हणून ते मध्येच बाहेर काढून घ्यायची. रंग चढला. तिने पात्याला लोहचुंबक लावून पाहिला. तो चिकटला नाही. आणखी थोडं. मग तिने सांडशी उचलली.

"आता हा शिक्का बघा. आपल्या घराचा शिक्का पात्याच्या एकाच बाजूला असतो. पहिलं पातं घालते, तेव्हा शिक्का माझ्याकडे." टोक सरळ खाली करून पातं तेलात उतरलं. तेल फुसफुसलं. हात डावीउजवीकडे तसूभर हलला नाही. हलला तो फक्त वरखाली. "एरवी बाहेर काढल्यावर चार श्वास मिळतात. तोवर पातं गरम असतं, मोज्याने दाबून सरळ करता येतं. आज मी सरळ करणार नाही. जसं येईल तसं बघायचं."

दुसरं पातं घातलं तेव्हा शिक्का भिंतीकडे होता. तिसरं भट्टीतही उलटं ठेवलं. जी बाजू नेहमी ज्वाळेकडे असते ती तिने दाराकडे केली. चौथ्यावर शिक्काच नव्हता.

"याला शिक्का का नाही?" थोरल्यांनी विचारलं.

"मी मारला नाही," मूठवाला म्हणाला. शिक्का मारायचं कामही त्याचंच होतं. "ती म्हणाली, मारू नका, नुसती मुठीत जाणाऱ्या शेपटीला खाच करा. शिक्का असतो त्याच बाजूला. उद्या तुम्ही म्हणाल, शिक्क्याच्या घावाने वाकतंय, म्हणून."

"मी तेच म्हणणार होते," वन्सं म्हणाल्या. भावाकडे त्यांनी जरा कौतुकाने पाहिलं.

चारही पाती निवली. बाबांच्या खुर्चीजवळच्या सपाट लोखंडी पाटावर धाकटीने ती एकेक करून ठेवली आणि बाजूला झाली. वन्सं गुडघ्यावर बसल्या, एक डोळा मिटून पात्यांच्या खालून पाहू लागल्या. पहिलं मध्ये उचललेलं होतं. खालून उजेडाची फट दिसत होती. दुसरंही. तिसरंही. चौथंही. वन्संनी पाती उलटीसुलटी केली, पुन्हा पाहिली.

"सगळी शिक्क्याकडे वाकली आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "खाच केलेलं खाचेकडे." मग त्या उठल्या, बाकावरच्या अकरा पात्यांपाशी गेल्या आणि एकेक उचलून पाहू लागल्या. "हीसुद्धा. अकराच्या अकरा."

"माझ्या बापाच्या भट्टीचा एक कोपरा जास्त तापायचा," धाकटी म्हणाली. "त्या कोपऱ्यातले पाव करपायचे. आम्ही ताट फिरवायचो, मग दुसरे करपायचे. म्हणजे दोष भट्टीचा. पण ताट कसंही फिरवा, तोच पाव त्याच बाजूने करपत असेल, तर भट्टीला शिव्या देऊन उपयोग नाही. मी पाती चारी तऱ्हांनी फिरवली. तेलात फिरवली, आगीत फिरवली. वाक माझ्याकडे आला नाही, भिंतीकडे गेला नाही. तो पात्याबरोबर फिरला."

"म्हणजे भट्टी नाही," वन्सं म्हणाल्या. बाजू बदलताना त्यांना कधी लाज वाटत नसे. पुरावा बदलला की त्या बदलत. "तेल नाही, हिचा हात नाही. पातं भट्टीत जातानाच त्याच्यात काहीतरी असतं." एवढं बोलून त्या थांबल्या, कारण पुढचं वाक्य कोणावर जाणार हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

"घासणी," थोरले म्हणाले. "बोल ना. माझ्या घासणीत खोट आहे, असं सरळ बोल."

आठवडाभर धाकटी याच क्षणाला भीत होती. किती तऱ्हांनी तिने मनात वाक्य जुळवलं होतं. पोलाद खराब निघालं म्हणावं, हवा दमट होती म्हणावं. पण चाळीस पाती खोट्यावर सरळ होणार नव्हती.

"हो, दादा," ती म्हणाली. "घासणीत आहे. शिक्क्याच्या बाजूचा उतार कमी पडतो, दुसरा जास्त. केसभराचा फरक. जाड सुऱ्यांना तो चालून जातो, यांना चालत नाही. एक बाजू आधी निवते, दुसरी मागून, आणि त्या ओढाताणीत पातं वाकतं. भट्टी बदलून ते जाणार नाही. हमरस्त्यावरच्या दोनशेच्या भट्टीतही ही अशीच वाकतील."

"तीस वर्षं मी-"

"तीस वर्षं एकही वाकडं गेलं नाही, मला माहीत आहे. मी या वर्षाचं बोलतेय."

"पुरे," थोरली मध्ये पडली. "पाच वर्षं झाली नाहीत भट्टीपुढे उभी राहून, आणि चालली घासणी शिकवायला. यांच्यासारखी घासणी आहे का कोणाची? आहे का?" तिचा आवाज चढत गेला आणि मध्येच फुटला. ती मटकन पेटीवर बसली. "यांचा उजवा डोळा गेलाय," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापासून धुरकट दिसतं. मला म्हणाले, कोणाला सांगितलंस तर बघ."

थोरल्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"म्हणून मी तुझ्यावर आग पाखडत होते," थोरली धाकटीकडे न बघता म्हणाली. "सगळे भट्टीकडे बघत राहिले, तर यांच्याकडे कोणी बघणार नाही, असं वाटलं. खोटं कशाला बोलू."

धाकटीला राग यायला हवा होता. आला नाही. महिन्यापूर्वी थोरल्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला होता, आणि कोणी यायच्या आत तिने फडक्याने टेबल पुसून टाकलं होतं. म्हणजे एकच गोष्ट त्या दोघी दोन टोकांनी झाकत बसल्या होत्या. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं.

"मला माहीत होतं, जाऊबाई," ती म्हणाली.

"माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

थोरल्यांनी ठिणग्यांपासून बचावासाठी घातलेल्या चामडी आडवस्त्राचा गळ्यातला बंद सोडला, आडवस्त्र काढून नीट घडी घातलं आणि पट्ट्याच्या यंत्रावर ठेवलं. त्यांचा चेहरा पाहून धाकटी एक पाऊल पुढे झाली. भट्टी तिला हवी होती, पण अशी नको होती. एकाची जागा राखायला दुसऱ्याने उठायचं, ही कसली जीत.

"भट्टी चालू राहू दे," थोरले म्हणाले. "मी उठतो. पाटीवर डोळा लिहिलाय. डोळा नाही तर मी इथे कशाला? धाकट्याला घासणी शिकवा, नाहीतर माणूस ठेवा."

"मला नको ती घासणी, दादा," मूठवाला कानस खाली ठेवत म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "तू गेलास तर मी मुठी कशाला बसवू?"

थोरले दाराकडे निघाले.

"खाली बस," बाबा म्हणाले.

पाच वर्षांत त्यांच्या तोंडून 'राहू दे' सोडून इतकं ठाम काही निघालं नव्हतं. थोरले होते तिथेच थांबले.

"तो ठोकळा आणा इकडे."

"कुठला ठोकळा?" वन्संनी विचारलं.

"खिडकीतला."

मूठवाल्याने ठोकळा ओढला आणि खिडकी धाडकन मिटली. बाबांनी ठोकळा दोन्ही हातांत घेतला. हात कापत होते. त्यांनी खिळ्याच्या टोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बोथट झालाय. सूनबाई, जरा कानस मार याला."

धाकटीने दोन हात मारले. टोक चमकलं.

"आता एक न घासलेलं पातं या लोखंडी पाटावर आडवं ठेव. ठोकळा त्याच्या शेजारी. बघ, खिळा कुठे टेकतो?"

धाकटी वाकली. पात्याची जी कड पुढे धार होणार होती, तिच्या जाडीच्या जवळपास मध्यावर खिळ्याचं टोक बरोबर येत होतं.

"सरकव."

तिने ठोकळा कडेकडेने सरकवला. कडेवर टोकापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ उमटली.

"पातं उलटं कर. पुन्हा सरकव."

दुसरी रेघ पहिलीच्या शेजारी उमटली. दोन्ही रेघांच्या मध्ये नखाच्या जाडीएवढी जागा.

"खिळा अगदी मध्ये नसला तरी चालतं," बाबा म्हणाले. "दोन्ही बाजूंनी ओढली की मध्य आपोआप दोन रेघांच्या आत सापडतो. या बाजूने या रेघेपर्यंत घासायचं, त्या बाजूने त्या रेघेपर्यंत. मधली जाडी पाणी देऊन होईपर्यंत ठेवायची. धार नंतर."

"हा ठोकळा तर," वन्सं म्हणाल्या, "आमच्या लहानपणापासून खिडकीत आहे."

"दिवसा खिडकीत असायचा. तुम्ही उठायच्या आत मी रेघा ओढून मोकळा व्हायचो. घासता घासता रेघ निघून जाते, मागमूस राहत नाही. गिऱ्हाईक यायचं, सुरी बघायचं, म्हणायचं, काय डोळा आहे. मी कशाला नाही म्हणू? मग पाटी रंगवून घेतली. पाटी गिऱ्हाइकांसाठी होती."

थोरले वळले. "मी बारा वर्षांचा होतो," ते म्हणाले. एकेक शब्द त्यांना उचलून ठेवावा लागत होता. "पातं घासायच्या आधी मी खडूने रेघ ओढली होती. तुम्ही मला पट्टीने मारलं होतंत. म्हणालात, या घरात रेघ चालत नाही."

"मारलं," बाबा म्हणाले. "थाप उघडी पडेल म्हणून मारलं. लेकराला मारलं आणि वर तत्त्व सांगितलं. ती चूक माझी आहे, रोज आठवते. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. तर तू रेघेशिवाय एक पातं घासून आणलंस. मी गपचूप ठोकळ्याला लावून पाहिलं, बरोबर मध्यावर होतं. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

त्यांनी ठोकळा मांडीवर ठेवला. हात अजून कापत होते, आवाज कापत नव्हता.

"मी जन्मात एकही पातं रेघेशिवाय घासलं नाही. मला जमलंच नसतं. मी थाप मारली आणि तू ती तीस वर्षं खरी करून दाखवलीस. आता डोळा थकला तर थकला. ज्याचा डोळा तुझ्या निम्म्यानेही नव्हता, तो तुझा बाप या खिळ्यावर घर चालवून गेला. तू कुठे निघालास?"

थोरले दारापासून परतले. ते बाकाशी आले, रेघा ओढलेलं पातं उचललं आणि सवयीने डोळ्यांसमोर धरलं.

"डोळ्याने नको," बाबा म्हणाले. "नखाने. रेघ अंधारातही लागते."

थोरल्यांनी अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. एकदा, दोनदा. मग त्यांनी आडवस्त्र पुन्हा गळ्यात अडकवलं आणि पट्टा चालू केला. ठिणग्या उडाल्या. दर चार-सहा फेऱ्यांनी ते थांबत, पातं पाण्यात बुडवून गार करत, नखाने चाचपत आणि पुन्हा धरत. थोरली त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि आज त्यांनी तिला हटकलं नाही.

घासलेलं पातं त्यांनी स्वतःच्या हाताने धाकटीला दिलं. तिने ते तीनदा तापवलं, तीनदा निववलं. तेवढ्या वेळात वन्संनी सगळ्यांना चहा दिला आणि थोरल्यांना तो कप हातात धरून दिला. मग शेवटचा ताव. बोराचा रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा चढला, चुंबक सुटला आणि पातं टोक खाली करून तेलात गेलं. धाकटीचा हात स्थिर होता. आता पातं वाकलं असतं तर भट्टी गेली असती, आणि थोरल्यांना पुन्हा कोणी आडवस्त्र बांधायला लावू शकलं नसतं.

पातं लोखंडी पाटावर ठेवलं. वन्सं पुन्हा गुडघ्यावर बसल्या. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. पातं उलटं करून पाहिलं.

"उजेड येत नाही," त्या म्हणाल्या. "कुठूनच येत नाही." आणि त्यांनी डोळे पुसले, धूर गेल्यासारखे.

"यांना परवा डोळ्याच्या डॉक्टरकडे नेतेय," थोरली म्हणाली. "आता कोणी मला गप्प बसवायचं नाही." मग ती धाकटीजवळ आली आणि तिच्या कपाळावरची काजळी बोटाने पुसली. "सकाळी बोलले ते मनावर घेऊ नकोस," ती म्हणाली. धाकटीने तिचा हात धरून ठेवला.

"हमरस्त्यावर मी कळवते," वन्सं म्हणाल्या. "पण शुक्रवार? उरलेली अठरा तर आधीच घासून झालीत."

"त्यांना अजून कडेला जाडी आहे," धाकटी म्हणाली. "मी आज पाहिली. रेघा ओढून जास्तीची बाजू उतरवली तर बहुतेक वाचतील. बाकीची नव्याने करू. दादा रेघेला लागले तर होतात."

"आणि पाटीचं काय? ती आता खोटी झाली."

"खोटी कशी?" बाबा म्हणाले. "पहिली दहा वर्षं खोटी होती. नंतरची तीस खरी होती. राहू दे."

कारखाना तापला होता. मूठवाला खिडकी उघडून उभा राहिला, पण हात सोडला की ती मिटत होती. "ठोकळा तर आता बाकावर लागणार," तो म्हणाला. "खिडकी कशाने टेकवू?"

थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले, अकरा वाकड्या पात्यांवरून हात फिरवला आणि त्यांतलं सगळ्यात जास्त वाकलेलं उचललं. खिडकीपाशी जाऊन त्यांनी ते चौकटीत घट्ट बसवलं. शिक्का बाहेरच्या बाजूला ठेवला, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा. खिडकी उघडी राहिली.

"जोडी जमली," मूठवाला म्हणाला, आणि या वेळी थोरलेच आधी हसले.

हसता हसताच ते बाकाकडे परत आले. उरलेल्या अठरांतलं एक पातं त्यांनी धाकटीपुढे ठेवलं, शेजारी ठोकळा ठेवला आणि पट्ट्यापाशी आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

"ओढ रेघ, धाकटे," ते म्हणाले. "मी थांबलोय."